झिजलेल्या बेअरिंगची साक्ष

काही वर्षांपूर्वी आमचे एक स्नेही प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं एक बेअरिंग घेऊन प्रयोगशाळेत आले. ते हायस्कूलमध्ये गणित शिकवतात. आयुष्यातली पहिली चारचाकी घेऊन त्यांना जेमतेम सात महिने झाले होते. पुढच्या चाकातून घरघर ऐकू येऊ लागली म्हणून त्यांनी गाडी वर्कशॉपमध्ये नेली. तिथे चाक उघडलं, बेअरिंग बदललं आणि बिल त्यांच्या हातात ठेवलं. वॉरंटी संपायला अजून बरेच महिने होते. पण काउंटरवरच्या माणसाचं म्हणणं असं, की ही 'वापरामुळे झालेली झीज' आहे. रस्ते खराब, गाडी चिखलापाण्यातून गेलेली. अशी झीज वॉरंटीत बसत नाही. गुरुजींचं म्हणणं नेमकं उलट. सात महिन्यांत बेअरिंग झिजतं याचा अर्थ मालच खराब असला पाहिजे.

"तुम्ही शास्त्रज्ञ ना? मग हे बघून सांगा, दोष कुणाचा?" असं म्हणून त्यांनी पिशवी टेबलावर ठेवली.

आम्हाला वाटलं, यात काय अवघड आहे! सूक्ष्मदर्शकाखाली धरू आणि सांगू. पुढे काय झालं ते शेवटी सांगतो. पण त्या निमित्तानं आम्ही बरंच जुनं वाचन उकरून काढलं, आणि लक्षात आलं की 'वस्तू लवकर का झिजली आणि जबाबदार कोण?' हा प्रश्न जुनाच असला, तरी त्याचं उत्तर शोधण्याची साधनं माणसाच्या हाती फार उशिरा आली. तो इतिहास वर्गात सांगण्यासारखा आहे.

घर्षण मोजलं, झीज राहिली

चाक आणि आस एकमेकांवर घासतात आणि झिजतात, हे गाडीवानाला कुणी शिकवावं लागलं नाही. आपल्याकडे बैलगाडीच्या खाली वंगणाचं नळकांडं लटकत असे. आस करकरायला लागला की गाडी थांबवून वंगण घालायचं. चाकावरची लोखंडी धाव पातळ झाली की लोहाराकडे जायचं. इथे वॉरंटीचा प्रश्नच नव्हता. सुतार आणि लोहार गावातलेच, गाडी कोण कशी हाकतो हेही सगळ्यांना ठाऊक. तक्रार असेल तर ती तोंडावर करायची.

घर्षणाचा पद्धतशीर अभ्यास मात्र बराच आधी सुरू झाला होता. लिओनार्दो दा विंचीच्या वह्यांमध्ये घर्षणाच्या प्रयोगांची चित्रं आहेत. 1699 साली फ्रान्समध्ये आमाँतों यांनी घर्षणाचे नियम मांडले. घर्षण हे भाराच्या प्रमाणात वाढतं, घासणाऱ्या पृष्ठभागाच्या क्षेत्रफळावर अवलंबून नसतं, हे आपण शाळेत शिकवतो ते नियम. 1785 साली कूलोम यांनी त्यावर सविस्तर प्रयोग केले. विद्युतभारांच्या नियमामुळे आपल्याला माहीत असलेले कूलोम ते हेच.

पण या सगळ्यांनी मोजलं ते घर्षण. झीज तशीच राहिली. याचं कारण सोपं आहे. घर्षण मोजायला काही सेकंद पुरतात. झीज मोजायची तर महिनोन् महिने थांबावं लागतं, आणि एवढं करून वस्तूतून नाहीसा होतो तो चिमूटभर धातू. शिवाय झीज घडते ती दोन पृष्ठभागांच्या मध्ये, जिथे आपल्याला डोकावता येत नाही.

या बंद जागेत पहिल्यांदा डोकावायला मिळालं ते जवळजवळ अपघातानेच. ब्रिटनमधल्या यंत्र-अभियंत्यांच्या संस्थेनं बोशॅम्प टॉवर यांच्याकडे रेल्वेच्या बेअरिंगमधलं घर्षण मोजण्याचं काम सोपवलं होतं. ही साधी बेअरिंगं होती, छर्‍यांची नव्हेत. फिरणाऱ्या आसावर पितळेचा अर्धगोल ठोकळा टेकवलेला असे. 1883 साली टॉवर यांनी तेल घालण्यासाठी या ठोकळ्याला वरून एक भोक पाडलं. आस फिरू लागला आणि तेल खाली जाण्याऐवजी भोकातून वर येऊ लागलं. त्यांनी भोकात बूच ठोकलं, तर तेलानं बूचच बाहेर ढकलून दिलं. मग त्यांनी तिथे दाबमापक जोडला. काटा दर चौरस इंचाला 200 पौंडांच्या पलीकडे गेला. ठोकळ्यावरचा सरासरी भार होता त्याच्या निम्मा.

याचा अर्थ काय? फिरणारा आस आपल्याबरोबर तेल ओढून नेतो, ते अरुंद फटीत दाबलं जातं आणि त्या दाबावर सगळा भार अक्षरशः तरंगतो. धातू धातूला टेकतच नाही. 1886 साली ऑस्बोर्न रेनॉल्ड्स यांनी या तेलाच्या पापुद्र्याचं गणित मांडलं.

या शोधात एक गोष्ट दडलेली आहे, ती पुढे उपयोगी पडणार आहे. पापुद्रा टिकतो तो गतीमुळे. आस थांबला की पापुद्रा पिळून निघतो आणि धातू धातूवर बसतो. म्हणजे यंत्र जोरात चालतं तेव्हा नव्हे, तर सुरू होताना, थांबताना किंवा जागच्या जागी थरथरताना त्याला जास्त धोका असतो.

थकलेलं लोखंड

झिजेचा एक जवळचा नातेवाईक आहे, त्यालाही भेटायला हवं. 8 मे 1842 रोजी व्हर्साय इथून पॅरिसकडे निघालेल्या आगगाडीच्या इंजिनाचा कणा तुटला. डबे एकमेकांवर चढले, आग लागली आणि पन्नासहून अधिक माणसं मरण पावली. कणा का तुटावा? भार तर रोजचाच होता. कारागिरांमध्ये समज असा, की सततच्या हादऱ्यांनी चिवट लोखंडाचे स्फटिक बनतात आणि ते ठिसूळ होतं. 1843 साली विल्यम रँकिन यांनी तुटलेल्या कण्यांचे तुकडे पाहून वेगळंच सांगितलं. कण्याची जाडी जिथे एकदम बदलते तिथल्या कोपऱ्यात तडा सुरू होतो आणि हळूहळू आत शिरत जातो. उरलेला गाभा एक दिवस भार पेलू शकत नाही, इतकंच. पुढे जर्मनीत ऑगस्ट व्होलर यांनी कण्यांवर लक्षावधी वेळा उलटसुलट भार देऊन पाहिले आणि धातूच्या या 'थकव्या'चा पाया घातला.

रँकिन यांनी काय केलं ते नीट पाहा. तोपर्यंत मोडलेला तुकडा ही भंगारात टाकायची वस्तू होती. त्यांनी तो साक्षीदार म्हणून तपासला. लोखंडाला दोष देऊन विषय मिटवता आला असता. तुकड्यानं मात्र कणा घडवणाऱ्याकडे बोट दाखवलं.

न चालवताच झिजलेल्या गाड्या

आता विसाव्या शतकात, अमेरिकेत येऊ. 1930 च्या दशकात तिथे मोटारी लाखांनी तयार होत होत्या. कारखाने मुख्यतः डेट्रॉइटच्या आसपास आणि गिऱ्हाईक देशभर पसरलेलं. गाड्या आगगाडीनं दूरवर पाठवल्या जात. काही गाड्यांच्या चाकांतली बेअरिंगं अगदी नव्यानंच खराब निघू लागली. छर्रे ज्या कड्यांमध्ये धावतात त्यांवर सारख्या अंतरानं खळगे पडलेले दिसत.

असे खळगे ओळखीचे होते. स्वीडनचे योहान ब्रिनेल यांनी 1900 साली धातूचा कठीणपणा मोजायची पद्धत जगापुढे ठेवली. पोलादाची कठीण गोळी ठराविक भारानं धातूवर दाबायची आणि पडलेल्या खळग्याचा आकार मोजायचा. बेअरिंगवर मोठा आघात झाला की त्यातला प्रत्येक छर्रा असाच खळगा पाडतो, म्हणून अशा खुणांना ब्रिनेल यांचंच नाव मिळालं होतं. साहजिकच खळगे दिसले की आरोप ठरलेले. गिऱ्हाईक म्हणणार की पोलाद मऊ आहे. विक्रेता म्हणणार की गाडी खड्ड्यात आदळली.

जनरल मोटर्सच्या संशोधन प्रयोगशाळेतले जॉन आल्मेन यांनी हा प्रश्न हाती घेतला. त्यांना आढळलं, की गिऱ्हाइकानं गाडी हातात घेण्यापूर्वीच बेअरिंग बिघडलेलं असतं. कारखान्यापासून गाडी जितकी लांब पाठवली जाई, तितकं नुकसान जास्त. गाडी कोणत्या ऋतूत पाठवली याचाही फरक पडत होता. म्हणजे बिघाड ना कारखान्यात होत होता, ना गिऱ्हाइकाच्या हातून. तो होत होता वाटेत!

टॉवर यांचं बूच आठवा. आगगाडीवर बांधलेल्या मोटारीची चाकं फिरत नाहीत. पण रूळ आणि डबे यांच्या कंपनांमुळे ती जागच्या जागी, केसाच्या जाडीपेक्षाही कमी अंतरानं, मागेपुढे हलत राहतात. छर्‍याखालचं ग्रीस बाजूला पिळलं जातं. छर्रा पुढे गडगडतच नाही, त्यामुळे नवं ग्रीस तिथे पोचत नाही. ग्रीस किती घट्ट आणि किती वाहतं हे तापमानावर ठरतं, तेव्हा ऋतूचा परिणामही समजण्यासारखा आहे. मग धातूवर धातू घासतो. सुटलेले अतिसूक्ष्म कण हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग पावून लालसर तपकिरी भुकटी होते. सराफ सोन्याला झळाळी द्यायला ज्या जातीची भुकटी वापरतात, तेच हे लोहाचं ऑक्साइड. ते स्वतःच उत्तम घासणी आहे! हजार मैल ही घासणी चालली की छर्‍याच्या जागी खळगा तयार.

आल्मेन यांनी 1937 साली यावर लेख लिहिला. त्याच्या शीर्षकातच त्यांनी या खळग्यांना 'खोटे ब्रिनेल' म्हटलं. कारण ते आघाताचे नव्हतेच, झिजेचे होते. थरथरीतून होणाऱ्या अशा झिजेची नोंद 1911 सालीच झाली होती आणि 1927 साली टॉमलिन्सन यांनी तिच्यावर प्रयोगही केले होते. पण ती एखाद्या व्यावहारिक भांडणाचं उत्तर असू शकते, हे आल्मेन यांच्यामुळे स्पष्ट झालं. आजही मोठी यंत्रं बरेच दिवस बंद ठेवायची असली तर अधूनमधून त्यांचा आस हातानं फिरवून ठेवतात. पवनचक्क्यांच्या पात्यांच्या बेअरिंगमध्ये हाच त्रास आजच्या अभियंत्यांनाही सतावतो.

खुणांची लिपी

खरा खळगा आणि खोटा खळगा यांत फरक कसा करायचा? युक्ती फार सुंदर आहे. कडी कारखान्यात घासून गुळगुळीत केलेली असते आणि सूक्ष्मदर्शकाखाली त्या घासण्याच्या बारीक रेषा दिसतात. आघातानं पडलेल्या खळग्यात धातू फक्त दबतो, म्हणून खळग्याच्या तळाशीही त्या रेषा शाबूत दिसतात. झिजेनं पडलेल्या खळग्यात वरचा थरच गेलेला असतो, त्यामुळे रेषा पुसलेल्या असतात.

अशा खुणांची एक लिपीच हळूहळू तयार झाली. धूळ शिरली असेल तर एका दिशेला लांब ओरखडे दिसतात. आपल्या रस्त्यावरच्या धुळीत वाळूचे कण असतात आणि वाळूतलं क्वार्ट्‌झ बेअरिंगच्या पोलादापेक्षा कठीण असतं, हे लक्षात ठेवायला हवं. वंगण कमी पडलं असेल तर धातू धातूला चिकटून ओरबाडला गेलेला दिसतो. धातू थकला असेल तर पृष्ठभागावरून खपल्या निघतात. खळगे कड्यांच्या एकाच बाजूला असतील तर चाक खड्ड्यात आदळल्याचा संशय घ्यायचा. खळगे संपूर्ण गोलात आणि कडीच्या कडेकडे असतील, तर बेअरिंग बसवताना चुकीच्या कडीवर हातोडा मारला गेला असण्याची शक्यता.

1953 साली आर्चर्ड यांनी झिजेचा एक साधा नियमही मांडला. झिजून जाणारा धातू हा भार आणि घासलेलं अंतर यांच्या प्रमाणात वाढतो आणि कठीणपणाच्या प्रमाणात कमी होतो. वर्गात हा नियम खडूवर तपासता येतो. खडूची लांबी मोजा, त्याच्यावर ठराविक वजन ठेवून खरखरीत फरशीवर ठराविक अंतर ओढा, पुन्हा मोजा. मग अंतर दुप्पट करा. मग वजन दुप्पट करा. आकडे तंतोतंत येणार नाहीत. का येत नाहीत, यावरची चर्चा नियमाइतकीच मोलाची.

1966 साली ब्रिटनमध्ये पीटर जोस्ट यांच्या समितीनं सरकारला अहवाल दिला. वंगण, घर्षण आणि झीज यांकडे नीट लक्ष दिलं तर देशाचे वर्षाला सुमारे 51.5 कोटी पौंड वाचतील, असा त्यांचा अंदाज होता. घासण्यासाठीच्या ग्रीक शब्दावरून या विषयाला 'ट्रायबॉलॉजी' हे नाव मिळालं ते याच अहवालातून.

किती दिवस टिकेल?

खुणांची लिपी वाचता आली तरी एक प्रश्न उरतोच. वस्तू 'लवकर' झिजली असं केव्हा म्हणायचं?

यासाठी एक प्रयोग करून पाहा. एकाच खोक्यातल्या तीस पेपर क्लिप तीस मुलांना द्या. क्लिप सरळ करून प्रत्येकानं ती ठरलेल्या कोनातून मागेपुढे वाकवायची आणि कितव्या वेळी तुटली ते मोजायचं. सगळ्यांचे आकडे फळ्यावर मांडा. क्लिप एकाच कारखान्यातल्या, तार एकाच जातीची, तरी आकडे चांगलेच पसरलेले दिसतील. आता मुलांना विचारा: तुम्ही क्लिपचे कारखानदार आहात, 'इतक्या वेळा वाकवली तरी तुटणार नाही, तुटली तर दुसरी फुकट' अशी हमी द्यायची आहे. कोणता आकडा लिहाल? सरासरी लिहिली तर जवळजवळ निम्म्या क्लिप फुकट द्याव्या लागतील. सर्वांत लहान आकडा लिहिला तर गिऱ्हाईक दुसऱ्या दुकानात जाईल.

स्वीडनमध्ये अर्विड पाल्मग्रेन यांच्यापुढे हाच प्रश्न होता, क्लिपऐवजी बॉल बेअरिंगचा. त्यांनी 1924 साली आणि पुढे लुंडबर्ग यांच्यासह 1947 साली बेअरिंगच्या आयुष्याचं गणित मांडलं. दरम्यान त्यांच्याच देशातल्या वायबुल यांनी 1939 साली वस्तू मोडण्याची संख्याशास्त्रीय मांडणी दिली होती. त्यातून रूढ झालेला संकेत असा: शंभरांतली नव्वद बेअरिंगं जितका काळ टिकतात, तो काळ म्हणजे बेअरिंगचं आयुष्य. सरासरी बेअरिंग याच्या सुमारे पाचपट टिकतं. पण शंभरांतली दहा त्याआधीच जातात, आणि त्यांत काही दोष असलाच पाहिजे असं नाही!

याच गणितातून आणखी एक गोष्ट कळते. बॉल बेअरिंगवरचा भार दुप्पट केला तर आयुष्य निम्मं नव्हे, एक अष्टमांश होतं. पाच माणसांच्या गाडीत रोज आठ माणसं बसवणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.

म्हणजे 'माझी वस्तू लवकर बिघडली, म्हणून ती सदोष' हे अनुमान चुकीचं असू शकतं. आणि 'बाकी सगळ्यांच्या टिकल्या, म्हणून दोष तुमच्या वापरात' हेही तितकंच चुकीचं असू शकतं. कुणाचाच दोष नसेल तर खर्च कुणी सोसायचा? इथे विज्ञान थांबतं आणि कायदा सुरू होतो.

बारीक अक्षरांतलं वचन

आपण बोलताना 'गॅरंटी' आणि 'वॉरंटी' सर्रास एकाच अर्थानं वापरतो. मुळात हे दोन्ही शब्द एकाच कुळातले, एक फ्रेंच वळणाचा आणि दुसरा त्याच्या उत्तरेकडच्या बोलीचा. पण छापील कागदावरची वॉरंटी म्हणजे साधी हमी नव्हे. तिथे एका हातानं दिलेलं बऱ्याचदा दुसऱ्या हातानं काढून घेतलेलं असतं.

याचं प्रसिद्ध उदाहरण अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्यातलं आहे. मे 1955 मध्ये हेनिंगसन दांपत्यानं नवी मोटार घेतली. दहा-बारा दिवसांत, गाडी 468 मैल चाललेली असताना, बाई गाडी चालवत होत्या. अचानक गाडीखालून मोठा आवाज झाला, चाक हातात गरकन फिरलं आणि गाडी वळून भिंतीवर आदळली. पुढचा भाग इतका चुरगळला की नेमका कोणता भाग निकामी झाला होता हे तपासणंच अशक्य झालं. साक्षीदारच नष्ट झाला होता! करारपत्राच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरांत वॉरंटी छापली होती: 90 दिवस किंवा 4,000 मैल, यांपैकी जे आधी येईल ते, आणि तेवढ्यात सदोष भाग फक्त बदलून मिळेल. याखेरीज दुसरी कसलीही जबाबदारी नाही. हा मजकूर मोटार-उत्पादकांच्या संघटनेनं ठरवलेला होता, म्हणून दुसऱ्या कंपनीकडे गेलं तरी गिऱ्हाइकाला तोच कागद मिळत असे.

मे 1960 मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला. विकलेली वस्तू तिच्या नेहमीच्या कामासाठी योग्य असली पाहिजे, हे वचन विक्रीतच गृहीत असतं. गिऱ्हाइकाला पर्यायच नसताना बारीक अक्षरांतल्या वाक्यानं ते पुसून टाकता येणार नाही, असं न्यायालयानं म्हटलं.

पुढे बाजारातल्या स्पर्धेनं वॉरंटी वाढत गेली. आधी 12 महिने किंवा 12,000 मैल, आणि 1963 च्या मॉडेलांसाठी क्रायस्लर कंपनीनं इंजिन व त्याच्याशी जोडलेल्या यंत्रणेवर 5 वर्षं किंवा 50,000 मैल अशी वॉरंटी जाहीर केली. मुदत वाढली तशा अटीही वाढल्या. तेल केव्हा बदललं याचा पुरावा ठेवा, ठराविक तपासण्या करून घ्या. 1975 साली अमेरिकेनं वॉरंटीसाठी स्वतंत्र कायदा केला. अटी समजेल अशा भाषेत लिहा, आणि आमच्याच नावाचा सुटा भाग वापरला नाही तर वॉरंटी रद्द, अशी अट सर्वसाधारणपणे घालता येणार नाही, या त्यातल्या महत्त्वाच्या तरतुदी.

आपल्याकडे 1930 च्या वस्तुविक्री कायद्यात गृहीत वचनांची कल्पना आधीपासून आहे. पण सामान्य माणसाला दाद मागायला सोपी जागा मिळाली ती 1986 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं. त्याची जागा घेणारा 2019 चा कायदा जुलै 2020 मध्ये अमलात आला. दोन्ही कायद्यांत एक तरतूद आहे, तिच्याकडे विज्ञान शिकवणाऱ्यांनी मुद्दाम लक्ष द्यावं. वस्तूतला दोष चाचणीशिवाय ठरवता येत नसेल, तर आयोगानं तिचा नमुना घेऊन, सीलबंद करून योग्य प्रयोगशाळेकडे पाठवायचा असतो. कायद्याच्या त्या ओळीत रँकिन आणि आल्मेन यांचाच वारसा आहे. वादी-प्रतिवादींच्या शब्दांबरोबर वस्तूलाही विचारा, असं ती सांगते.

पुन्हा ते बेअरिंग

आता गुरुजींच्या पिशवीकडे येऊ. बेअरिंग उघडून सूक्ष्मदर्शकाखाली धरलं तेव्हा आम्ही खूषच झालो. कडीच्या कडेकडे, संपूर्ण गोलात, सारख्या अंतरावर खळगे होते आणि तळाशी घासकामाच्या रेषा शाबूत. अगदी पुस्तकातलं चित्र! आम्ही तिथल्या तिथे निष्कर्ष काढला: बेअरिंग बसवताना चुकीचा ठोका बसला आहे, दोष गाडी जुळवणाऱ्यांचा. गुरुजी आनंदानं ते लिहून घेऊन गेले.

आठवड्यानं ते परत आले, वर्कशॉपमधल्या वयस्कर मिस्त्रींना बरोबर घेऊन. मिस्त्रींनी भिंगातून बघितलं आणि शांतपणे म्हणाले, "साहेब, हे बेअरिंग मीच काढलं. घट्ट बसलं होतं. काढताना ठोकावंच लागतं. हे डाग तेव्हाचे आहेत."

आम्ही पुन्हा पाहिलं. खळग्यांच्या कडा धारदार आणि स्वच्छ होत्या. त्यांच्यावरून छर्रे हजारो किलोमीटर गडगडले असते तर त्या कडा चेपल्या गेल्या असत्या, तिथून खपल्या निघू लागल्या असत्या. मिस्त्रींचं म्हणणं बरोबर होतं. आम्हाला लिपी येत होती, पण कोणती ओळ केव्हा लिहिली गेली हे विचारायचं आम्ही विसरलो होतो.

मग तिघांनी मिळून नव्यानं पाहायला सुरुवात केली. छर्‍यांच्या वाटेवर बारीक ओरखडे होते. ग्रीस काळपट, आणि बोटांवर चोळलं तर करकरणारं. धूळ आत शिरली होती. ती अडवणारं रबरी सील एका जागी कापलेलं होतं. ते बसवताना कापलं गेलं, की रस्त्यावरच्या एखाद्या तारेनं, की काढतानाच? मिस्त्रींनी मान हलवली. आम्हीही. त्या कापाचं वय सांगता येईल असं काहीच उरलं नव्हतं. बेअरिंग चाकात असतानाच, उघडण्याआधी, एखादा फोटो काढून ठेवला असता तरी काही कळलं असतं.

तिथेच, आमच्या टेबलाशी बसून, मिस्त्रींनी मजुरी सोडण्याची तयारी दाखवली आणि गुरुजींनी बेअरिंगची किंमत द्यायचं कबूल केलं. हा न्याय झाला का, ते आम्हाला ठरवता आलेलं नाही. पण त्या दुपारी दोघंही आपापल्या खात्रीतून थोडे बाहेर आले, आणि आम्ही तर बरेच.

गुरुजींनी ते बेअरिंग मागून घेतलं. आता ते त्यांच्या शाळेत असतं. दर वर्षी ते मुलांपुढे ठेवून ते आधी विचारतात, 'दोष कुणाचा?' मुलं भराभर हात वर करतात. मग ते दुसरा प्रश्न विचारतात, 'हे तुम्हाला कशावरून कळलं?' तेव्हा बरेच हात खाली येतात आणि एखादा मुलगा किंवा मुलगी बेअरिंग उचलून खिडकीपाशी, उजेडात नेते.